लहान शब्दांचें मोठें काम: इंग्रजींतील जोडक्रियापदांचा अभ्यास



लांबलचक आणि उच्चारावयास कठीण अशा इंग्रजी शब्दांस आपण सर्वजण भितों, आणि त्यांचे अर्थ कोशांत पाहून मोठ्या कष्टानें पाठ करितों. परंतु इतक्या वर्षांच्या अध्यापनांत मला असें आढळून आलें आहे कीं, आपल्याकडील मुलांची खरी फसगत या मोठ्या शब्दांपाशीं होत नाहीं. ती होते ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘आउट’ अशा चिमुकल्या शब्दांपाशीं. हे शब्द पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंतच भेटलेले असतात, त्यामुळें ते आपल्या ओळखीचे आहेत असें आपण धरून चालतों. पण ‘गो’, ‘कम’, ‘पुट’, ‘टेक’ अशा तितक्याच सोप्या क्रियापदांच्या शेजारीं ते येऊन बसले, कीं दोघांचा मिळून एक तिसराच अर्थ होतो. दोन्ही शब्द ठाऊक असतात, वाक्य मात्र ठाऊक नसतें. अशा जोड्यांस इंग्रजी व्याकरणांत ‘फ्रेझल व्हर्ब’ असें नांव आहे. आपण या लेखापुरतें त्यांस ‘जोडक्रियापदें’ म्हणूं.

विषयास आरंभ करण्यापूर्वीं माझ्या विद्यार्थिदशेंतील एक गोष्ट सांगतों. ती सांगतांना मला अजून संकोच वाटतो, पण तिच्यावांचून हा लेख लिहिण्याचें कारण तुम्हांस समजणार नाहीं.

एका चिठ्ठीची गोष्ट

मी त्या वेळीं नववींत होतों. इंग्रजींत वर्गांत माझा पहिला क्रमांक असे, आणि त्याबद्दल मिळालेलें बक्षिसाचें पुस्तक आईनें फळीवर सर्वांस दिसेल असें मांडून ठेविलें होतें. त्या वर्षीं ऊसतोडीच्या दिवसांत वडिलांच्या पोटरीस कोयता लागला. जखम चिघळली आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला. कोल्हापुरास एका दवाखान्यांत चार दिवस ठेवून डॉक्टरांनीं त्यांस घरीं पाठविलें, आणि बरोबर गोळ्यांची पुडी व एक इंग्रजी चिठ्ठी दिली.

सायंकाळीं शेजारपाजारचीं माणसें समाचारास आलीं होतीं. वडिलांनीं ती चिठ्ठी सर्वांच्या देखत माझ्या हातीं दिली आणि म्हणाले, “वाच बघू, काय लिवलंय डागदरानं.” चिठ्ठींत शेवटचें वाक्य असें होतें: ‘कॅरी ऑन विथ द टॅब्लेट्स ईव्हन इफ द स्वेलिंग गोज डाउन.’

यांतील एकही शब्द मला नवा नव्हता. ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणें, बाळगणें. ‘ऑन’ म्हणजे अंगावर. ‘गोज’ म्हणजे जातें. ‘डाउन’ म्हणजे खालीं. मनांत किंचित् शंका आली होती, पण इतकीं माणसें माझ्या तोंडाकडे पाहात होतीं. मीं मोठ्या आवाजांत अर्थ सांगितला: “सूज खालीं पावलाकडे गेली, तरी गोळ्या जवळ बाळगाव्या.”

तीन दिवसांनीं सूज ओसरली. वडिलांनीं गोळ्या घेणें थांबविलें, आणि मी सांगितल्याप्रमाणें ती पुडी बंडीच्या खिशांत घालून ते रोज इमानानें शेतावर नेऊं-आणूं लागले. आठव्या दिवशीं त्यांस हुडहुडी भरून ताप आला, आणि पाय पूर्वींपेक्षां अधिक सुजला. पुन्हा कोल्हापूर गांठावें लागलें. डॉक्टरांनीं विचारलें, “गोळ्या कां थांबविल्या?” वडिलांनीं खिशांतून पुडी काढून दाखविली आणि म्हणाले, “जवळच हैत की! पोरानं वाचून सांगितलं तसंच केलंय.”

डॉक्टरांनीं चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलें, आणि शांतपणें सांगितलें कीं, त्या वाक्याचा अर्थ ‘सूज उतरली तरी गोळ्या चालू ठेवा’ असा आहे. परमेश्वराच्या कृपेनें वडील बरे झाले. परंतु त्या दुसऱ्या खेपेस बारा दिवस दवाखान्यांत काढावे लागले, आणि घरची एक म्हैस विकावी लागली.

परत येतांना एस. टी. मध्यें वडील मला रागें भरले नाहींत. मुरगूडचा स्टँड येण्यापूर्वीं ते एवढेंच म्हणाले, “तुला कळलं न्हवतं, त्याचं काय न्हाई. पर कळलं न्हाई असं म्हणाला असतास, तर मी दुसऱ्या कुणाला तरी इचारलं असतं.”

ही अडचण एकट्या आपलीच नाहीं

मित्रहो, या जोड्या आपणांस कठीण वाटतात यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनीं इ. स. १७५५ मध्यें आपला प्रख्यात इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेंत, परकीयांस इंग्रजी शिकतांना सर्वांत मोठी अडचण याच जोड्यांची पडते असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें आहे, व म्हणून त्या काळजीपूर्वक नोंदल्याचें सांगितलें आहे. या जोड्या इतक्या जुन्या असूनही ‘फ्रेझल व्हर्ब’ हें त्यांचें नांव मात्र अलीकडचें आहे. तें लोगन पिअरसॉल स्मिथ यांनीं इ. स. १९२५ मध्यें आपल्या ग्रंथांत वापरलें, आणि ऑक्सफर्डच्या महाकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं तें आपणांस सुचविलें असें नमूद केलें. त्याच महाकोशाची पहिली आवृत्ति इ. स. १९२८ मध्यें पुरी झाली, तेव्हां तींत सर्वांत लांब नोंद कोणत्या शब्दाची होती? एखाद्या अवजड शास्त्रीय शब्दाची नव्हे, तर ‘सेट’ या एवढ्याशा क्रियापदाची! ‘सेट ऑफ’, ‘सेट आउट’, ‘सेट अप’, ‘सेट इन’ अशा त्याच्या परिवारानेंच कितीतरी जागा व्यापली आहे.

आतां उलट बाजूनें पाहा. आपली मराठी शिकणाऱ्या इंग्रजांस काय कमी श्रम पडले असतील? मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश इ. स. १८३१ मध्यें निघाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ मध्यें झाली. इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ यांनीं आरंभिला आणि कॅंडी यांनीं तो इ. स. १८४७ मध्यें पुरा केला. असा एखादा परदेशीय मनुष्य आपल्या घरीं आला आहे, आणि आई मुलीस म्हणते आहे, “दिवा लाव आणि दार लाव,” अशी कल्पना करा. दिवा लावला म्हणजे तो सुरू होतो. दार लावलें म्हणजे तें बंद होतें! शिवाय आपण झाड लावतों, नांव लावतों, शिस्त लावतों, हातभार लावतों आणि कुणाला तरी कामाला लावतों. तसेंच मार खातों, हवा खातों, आणि लहान भाऊ दिवसभर डोकें खातो. यांपैकीं एकाही ठिकाणीं आपण अडखळत नाहीं. कारण हे प्रयोग आपण सुटे सुटे करून शिकलों नाहीं, पुरे वाक्यच ऐकून शिकलों.

हीच गोष्ट इंग्रजींतील ‘गो ऑफ’ची आहे. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजूं लागला. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. आणि ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलें. इंग्रज मुलास यांत कांहींच विचित्र वाटत नाहीं, जसें तुम्हांस ‘लावणें’ यांत वाटत नाहीं.

मराठीची आणि संस्कृताची मदत

आपली मातृभाषा येथें आपली मोठी साहाय्यकर्ती आहे. ‘दूध पी’ आणि ‘दूध पिऊन टाक’ या दोन वाक्यांत काय फरक आहे? दुसऱ्यांत ‘टाक’ आहे म्हणून कोणी दूध फेकून देत नाहीं. ‘टाक’ या शब्दानें क्रिया पुरी करावयाची, पेल्यांत कांहीं ठेवावयाचें नाहीं, एवढा भाव येतो. इंग्रजींत नेमका हाच फरक ‘ड्रिंक युवर मिल्क’ आणि ‘ड्रिंक अप युवर मिल्क’ या दोहोंत आहे. आपलें ‘टाकणें’ जें काम करितें, तेंच तेथें ‘अप’ करितो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणें, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपविणें, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें. ‘सोडून देणें’ यांत तरी ‘देणें’ कोठें आहे? तरीही तो शब्द आपण सहज उच्चारतों.

पण एक भेद ध्यानांत ठेवावा. मराठी संयुक्त क्रियापदांत मूळ अर्थ बहुधा पहिल्या शब्दांत असतो, आणि दुसरा शब्द त्यास केवळ छटा देतो. इंग्रजींत मात्र पुष्कळ वेळां मागून आलेला चिमुकला शब्दच सर्व अर्थ पालटून टाकतो. ‘टर्न’ म्हणजे वळणें. पण ‘टर्न अप’ म्हणजे हजर होणें आणि ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणें. या बाबतींत इंग्रजी आपल्या संस्कृत उपसर्गांसारखी आहे. ‘हार’ हा एकच शब्द घ्या. ‘आहार’ म्हणजे भोजन, ‘विहार’ म्हणजे हिंडणें, ‘प्रहार’ म्हणजे तडाखा, ‘संहार’ म्हणजे नाश, ‘परिहार’ म्हणजे निवारण. उपसर्ग बदलला कीं घरचें माणूस पाहुणें होतें. संस्कृतांत हे पुढारी शब्दाच्या आधीं चालतात, इंग्रजींत ते मागून चालतात, एवढाच फरक. किंबहुना प्राचीन इंग्रजींतही ते आधीं चालत, आणि त्याची खूण एका शब्दांत आपण रोज पाहतों. ‘अंडरस्टँड’ यांत ‘अंडर’ म्हणजे खालीं आणि ‘स्टँड’ म्हणजे उभें राहणें आहे. पण त्याचा अर्थ ‘खालीं उभें राहणें’ असा तुमच्यापैकीं कोणी केला आहे काय?

माझ्या चिठ्ठीकडे पुन्हा वळूं. ‘गोज डाउन’ याचा अर्थ मीं ‘खालीं जातें’ असा केला. माझी आजी त्याच घरांत बसून रोज म्हणत होती, “आज सूज जरा उतरलीय.” ‘उतरणें’ म्हणजे तरी खालीं येणेंच कीं! ताप उतरतो, भाव उतरतो, राग उतरतो, सूज उतरते. यांपैकीं कोणी जिना उतरून जात नाहीं. मीं कोशांतील शब्दास शब्द न जोडतां आजीच्या तोंडची मराठी आठवली असती, तर तें वाक्य मला अचूक कळलें असतें. इंग्रजी चांगली येण्यासाठीं आधीं आपल्या घरची मराठी कान देऊन ऐकावी, हा धडा मला फार महागांत मिळाला.

लहान शब्दांचे स्वभाव

या लहान शब्दांपैकीं प्रत्येकाचा कांहीं ढोबळ स्वभाव असतो. तो ओळखला म्हणजे अनोळखी जोडीचाही अर्थ पुष्कळदां जवळपास लागतो.

‘अप’: वर जाणें व वाढणें, हा पहिला स्वभाव. ‘गेट अप’ उठणें, ‘ग्रो अप’ लहानाचें मोठें होणें, ‘गो अप’ भाव चढणें. क्रिया पुरी करणें, हा दुसरा. तो वर सांगितलाच आहे.

‘डाउन’: कमी होणें, मंदावणें. ‘स्लो डाउन’ वेग कमी करणें, ‘कट डाउन’ प्रमाण घटविणें, ‘काम डाउन’ शांत होणें. तसेंच कागदावर उतरविणें: ‘राइट डाउन’, ‘नोट डाउन’. येथेंही मराठींतील ‘उतरविणें’ कसें जुळतें तें पाहा.

‘ऑन’: क्रिया चालू राहणें. ‘गो ऑन’, ‘कीप ऑन’, ‘कॅरी ऑन’ या तिहींचा अर्थ चालू ठेवणें असाच आहे. अंगावर घालणें, हा दुसरा स्वभाव: ‘पुट ऑन’.

‘ऑफ’: तुटणें, दूर होणें, निघणें. ‘सेट ऑफ’ प्रवासास निघणें. ‘सी ऑफ’ पाहुण्यास स्टँडपर्यंत पोहोंचवावयास जाणें. ‘टेक ऑफ’ अंगावरील वस्त्र काढणें. ‘कट ऑफ’ तोडून अलग करणें. इ. स. २०१९ च्या महापुरांत आपल्या जिल्ह्यांतील कित्येक गांवांचा संपर्क तुटला होता. तीं गांवें ‘कट ऑफ’ झालीं होतीं.

‘आउट’: याचे दोन परस्परविरुद्ध स्वभाव आहेत. एक, उजेडांत येणें: ‘फाइंड आउट’ शोधून काढणें, ‘वर्क आउट’ हिशेब सोडविणें, ‘मेक आउट’ कसेंबसें ओळखणें. दुसरा, संपणें किंवा विझणें: ‘पुट आउट’ विझविणें, ‘रन आउट’ साठा संपणें, ‘वेअर आउट’ झिजून जाणें.

तथापि हे स्वभाव म्हणजे कायदे नव्हेत. गांवांतील माणसाचा स्वभाव ठाऊक असला तरी तो उद्यां काय करील हें खात्रीनें सांगतां येत नाहीं, तसेंच या शब्दांचें आहे. अंदाज बांधावा, परंतु जेथें चूक महागांत पडेल तेथें अंदाजावर विसंबूं नये, कोश पाहावा.

जवळजवळच्या जोड्यांत तर विशेष सावध असावें. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढें ढकलणें आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणें. इ. स. २०२० मध्यें दहावीचा भूगोलाचा पेपर प्रथम पुढें ढकलण्यांत आला, तेव्हां तो ‘पुट ऑफ’ झाला होता, आणि विद्यार्थ्यांस अभ्यास सोडतां येत नव्हता. पुढें एप्रिल महिन्यांत तो रद्दच करण्यांत आला, म्हणजे ‘कॉल ऑफ’ झाला, तेव्हां पुस्तक मिटतां आलें. एका शब्दाच्या फरकानें विद्यार्थ्याचे किती दिवस इकडचे तिकडे होतात, हें त्या वर्षाच्या मुलांस विचारावें.

वाक्यांत त्यांची जागा

अर्थ कळला तरी वाक्य रचतांना आणखी एक अडचण येते. कित्येक जोड्या कर्माला मध्यें बसूं देतात. ‘पुट ऑन युवर कॅप’ हेंही बरोबर आणि ‘पुट युवर कॅप ऑन’ हेंही बरोबर. पण कर्म जर ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘हर’ असें सर्वनाम असेल, तर तें मध्येंच आलें पाहिजे: ‘पुट इट ऑन’. ‘पुट ऑन इट’ असें म्हणूं नये.

दुसऱ्या कांहीं जोड्या मध्यें कोणासही शिरूं देत नाहींत. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणें. ‘शी लुक्स आफ्टर द बेबी’ आणि ‘शी लुक्स आफ्टर हिम’ हींच शुद्ध रूपें. ‘लुक्स हिम आफ्टर’ हें अशुद्ध.

तिसरा वर्ग तीन शब्दांचा. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणें, ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचा साठा संपणें, ‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे आतुरतेनें वाट पाहणें. या शेवटच्या जोडीनंतर पत्रांत हमखास चूक होते. ‘आय लुक फॉरवर्ड टू सीइंग यू’ असें लिहावें, ‘टू सी यू’ असें नव्हे.

बोलतांना आघाताकडेही लक्ष द्यावें. ‘गिव्ह अप’, ‘ब्रेक डाउन’ असें क्रियापद म्हणून उच्चारतांना जोर बहुधा मागच्या लहान शब्दावर पडतो. तीच जोडी नाम झाली म्हणजे जोर पहिल्या शब्दावर येतो. अशीं नामें आपल्या बाजारपेठेंत केव्हांच रुळलीं आहेत. एस. टी. ‘ब्रेकडाउन’ होते, लग्नांत ‘मेकअप’ होतो, दवाखान्यांत ‘चेकअप’ होतें, आणि इ. स. २०२० चें ‘लॉकडाउन’ तर आजीबाईंनाही पाठ आहे. ज्यास ‘ब्रेकडाउन’ कळतें, त्यास ‘द बस ब्रोक डाउन’ कां कळूं नये?

हलके शब्द आणि जड शब्द

एकाच अर्थाचे दोन शब्द इंग्रजींत शेजारीं शेजारीं नांदतात. ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’. ‘पुट आउट’ आणि ‘एक्स्टिंग्विश’. ‘गो ऑन’ आणि ‘कंटिन्यू’. ‘लुक इंटू’ आणि ‘इन्व्हेस्टिगेट’. याचें कारण इतिहासांत आहे. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि पुढें कित्येक पिढ्या दरबार व न्यायालय यांची भाषा फ्रेंच झाली. विद्येची भाषा तर लॅटिन होतीच. त्यामुळें जड शब्द त्या दोन भाषांतून आले, आणि चुलीपाशीं व शेतांत देशी शब्द राहिले. आपल्याकडेही सरकारी पत्रांत सभा ‘स्थगित’ होते आणि पारावर ती ‘पुढें ढकलली’ जाते. आपलीं मुलें ‘पोस्टपोन’ ओळखतात, पण ‘पुट ऑफ’पाशीं थबकतात, म्हणजे त्यांस ‘स्थगित’ येतें, पण ‘पुढें ढकलणें’ येत नाहीं! औपचारिक अर्जांत जड शब्द शोभतो; परंतु दूरध्वनीवर, मुलाखतींत, कामाच्या ठिकाणीं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठींत हलक्या शब्दांशीं गांठ पडते.

सी. के. ऑग्डेन यांनीं इ. स. १९३० मध्यें ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची सोपी इंग्रजी रचिली. तींत अवघे ८५० शब्द, आणि क्रियापदें तर केवळ १८. इतक्या थोड्या क्रियापदांवर काम भागलें तें ‘पुट’, ‘गेट’, ‘गो’, ‘टेक’ यांस ‘अप’, ‘आउट’, ‘इन’, ‘ऑफ’ जोडूनच. यावरून या जोड्यांचें सामर्थ्य दिसतें, आणि फसवणूकही दिसते; कारण शब्द ८५० असले तरी त्यांच्या जोड्यांचे अर्थ पुन्हा निराळे शिकावेच लागतात.

अभ्यासाची रीति

पहिली गोष्ट, याद्या पाठ करूं नयेत. ‘गेट’च्या पंचवीस जोड्या एका रात्रींत पाठ करणाऱ्याच्या डोक्यांत सकाळीं एकही जोडी धडपणें उरत नाहीं.

दुसरी गोष्ट, एक स्वतंत्र वही करावी, आणि तींत क्रियापदाप्रमाणें पानें न पाडतां लहान शब्दाप्रमाणें पाडावीं. एक पान ‘अप’चें, एक ‘आउट’चें, याप्रमाणें. वाचनांत भेटलेली जोडी त्या पानावर पुऱ्या वाक्यासह उतरून घ्यावी, आणि समोर तिचा मराठी अर्थ लिहावा. मात्र तो कोशांतील नव्हे, घरांत बोलतात तसा.

तिसरी गोष्ट, त्याच जोडीचें एक वाक्य आपल्या स्वतःच्या आयुष्यांतून रचावें. गुऱ्हाळांतील जळण संपलें, वेदगंगेचें पाणी ओसरलें, मामा निपाणीस जावयास निघाले, धाकट्या बहिणीस आपण सांभाळलें, हें सर्व या जोड्यांनीं सांगतां येतें. स्वतःच्या घरचें वाक्य मनुष्य विसरत नाहीं. आठवड्यास पांच जोड्या, या मानानें चाळीस आठवड्यांत दोनशें होतात, आणि तेवढ्यावर नेहमींचें पुष्कळसें वाचन सुलभ होतें.

चौथी गोष्ट, कोश पाहण्याची रीत शिकावी. ‘कॅरी ऑन’चा अर्थ ‘ऑन’खालीं शोधूं नये, ‘कॅरी’ या शब्दाच्या नोंदींत, बहुधा तिच्या शेवटीं, तो सांपडतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं अशांसाठीं ए. एस. हॉर्नबी यांनीं एक कोश रचिला. तो प्रथम इ. स. १९४२ मध्यें जपानांत छापला गेला, आणि १९४८ मध्यें ऑक्सफर्डच्या छापखान्यानें पुन्हा प्रसिद्ध केला. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. असा कोश वापरावा.

पांचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: ज्या वाक्यांतील सर्व शब्द ओळखीचे असून अर्थ मात्र जुळत नाहीं, तेथें थांबावें. ‘गोळ्या जवळ बाळगाव्या’ हा अर्थ विचित्र आहे असें मला त्या सायंकाळीं वाटलें होतें. ती शंका हाच खरा गुरु होता, आणि मीं त्याचें ऐकलें नाहीं.

पालकांस विनंति

इ. स. २००० पासून महाराष्ट्रांत मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. त्यामुळें घरांत इंग्रजी कागद आला, कीं तो मुलाच्या हातीं देण्याचा प्रघात खेडोपाडीं पडला आहे. औषधाचें वेष्टण, बँकेचें पत्र, विम्याचा कागद, नोकरीचें बोलावणें, सर्वांचा दुभाषी घरांतील शाळकरी मूल! त्यास तो मान जरूर द्यावा. परंतु त्यानें “हें मला नीट समजत नाहीं” असें म्हटल्यास, “एवढा शिकतोस आणि एवढेंही येत नाहीं?” असें कृपा करून चारचौघांत विचारूं नये. या एका प्रश्नाच्या भीतीनें मूल अंदाजावर अर्थ ठोकून देतें, आणि त्याचें मोल घरास द्यावें लागतें. उलट, “खात्रीनें सांगतोस कीं अंदाजानें?” असें विचारण्याची संवय ठेवावी, आणि “अंदाजानें” असें प्रामाणिक उत्तर आल्यास शाबासकी द्यावी. असा कागद शाळेंत घेऊन यावा. तो वाचून देणें आम्हां शिक्षकांस ओझें वाटत नाहीं.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचा घरच्या मराठींत अर्थ लिहा:
१. माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप.
२. वुई हॅव रन आउट ऑफ शुगर.
३. आय कॅनॉट मेक आउट युवर हँडरायटिंग.
४. शी टर्न्ड डाउन द जॉब.
५. द मॅच वॉज कॉल्ड ऑफ बिकॉज ऑफ रेन.
६. डू नॉट पुट इट ऑफ.

पुढील वाक्यें जोडक्रियापदें वापरून इंग्रजींत करा:
१. चूल विझव.
२. आम्ही पहाटे कोल्हापुरास निघालों.
३. टोपी काढ आणि ती पुन्हा घाल.
४. मला समजलें नव्हतें, मग मीं शोधून काढलें.
५. सूज उतरली तरी गोळ्या चालू ठेवा.

उत्तरें वहींत लिहून मला वर्गांत दाखवावीं. ज्यास एखादें उत्तर येणार नाहीं, त्यानें त्या जागीं ‘मला येत नाहीं’ असें स्वच्छ अक्षरांत लिहावें. त्यासही मी गुण देईन.